रुग्ण जागा, कवटी उघडी : मेंदूचा नकाशा काढणारे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड

ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलावर एक रुग्ण कुशीवर झोपलाय. कवटीचा एक तुकडा कापून झाकणासारखा बाजूला केलाय, आतला मेंदू उघडा पडलाय आणि रुग्ण टक्क जागा आहे. सर्जन त्याच्याशी बोलतायत, तोही उत्तरं देतोय. सर्जन हातातल्या बारीक तारेचं टोक मेंदूवर एका जागी हलकेच टेकवतात. रुग्णाचा अंगठा आपोआप वाकतो. टोक थोडं खाली सरकवलं की ओठ थरथरतात. आणखी एका जागी टेकवलं की आकडे मोजता मोजता रुग्णाची वाचाच थांबते आणि तार उचलली की मोजणी पुन्हा सुरू होते. प्रत्येक जागेवर आकडा लिहिलेला कागदाचा चिमुकला तुकडा ठेवला जातो आणि काय घडलं ते शेजारी कुणीतरी लिहून घेतं.

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात १९३० ते १९६० या काळात हे दृश्य शेकडो वेळा घडलं. सर्जन होते डॉ. वाइल्डर पेनफिल्ड. मानसशास्त्राच्या किंवा जीवशास्त्राच्या पुस्तकात तुम्ही एक विचित्र माणूस पाहिला असेल. भलेमोठे हात, जाडजूड ओठ, लांबलचक जीभ आणि त्यामानाने अगदीच किरकोळ धड. तो माणूस याच ऑपरेशनांतून जन्माला आला.

मेंदूला वीज लावून जुन्या आठवणी जाग्या करणारा डॉक्टर अशी पेनफिल्ड यांची कीर्ती जगभर झाली. पण ती तार मुळात आठवणी शोधण्यासाठी नव्हती. कुठे कापायचं नाही, हे कळावं म्हणून ती वापरली जायची. आणि जिथे तार टेकवूनही काहीच घडलं नाही, तिथे नेमकं काय दडलंय हे समजायला मोठी किंमत मोजावी लागली. ती मोजली त्यांच्या रुग्णांनी. त्यातली एक त्यांची सख्खी बहीण होती.

आईचा हट्ट आणि फुटलेलं जहाज

पेनफिल्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावी झाला. वडील डॉक्टर होते, पण त्यांची प्रॅक्टिस चालेना. शेवटी १८९९ मध्ये आई मुलांना घेऊन विस्कॉन्सिनमधल्या हडसन या गावी माहेरी आली. वडील मागे राहिले. डॉक्टरीतलं अपयश घरात बघितलेल्या मुलाने डॉक्टर व्हायचं नाही असं ठरवलं असतं तरी नवल नव्हतं.

आई मात्र खमकी होती. ऱ्होड्स स्कॉलरशिप नावाची नवी शिष्यवृत्ती सुरू झालीय, ती मिळाली तर इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला शिकता येतं, आणि तिच्यासाठी अभ्यासाइतकंच खेळातही पुढे असावं लागतं, हे तिने कुठेतरी वाचलं. वाइल्डर तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा. शिष्यवृत्ती आपल्याच मुलाला मिळणार, हे तिच्या मनाने तेव्हाच घेतलं. मुलगा प्रिन्स्टनला गेला, अभ्यासाबरोबर फुटबॉल खेळला, पदवीनंतर काही काळ फुटबॉलचा कोचही झाला आणि अखेर ती शिष्यवृत्ती त्याने मिळवली.

ऑक्सफर्डमध्ये त्यांना चार्ल्स शेरिंग्टन हे शिक्षक भेटले. मज्जासंस्था कशी चालते यावरचं त्यांचं काम तेव्हा जगात सर्वात पुढे होतं. पेनफिल्ड यांना मेंदूचं वेड लागलं ते इथे.

पहिलं महायुद्ध सुरू होतं. मार्च १९१६ मध्ये फ्रान्समधल्या रेडक्रॉसच्या हॉस्पिटलात मदतीला जायला पेनफिल्ड ससेक्स नावाच्या जहाजात बसले. इंग्लिश खाडीत जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो सोडला आणि जहाजाचा पुढचा भागच उडाला. स्पेनचे नावाजलेले संगीतकार ग्रानादोस याच हल्ल्यात पत्नीसह गेले. पेनफिल्ड यांच्या पायाला मोठी दुखापत झाली, पण ते वाचले. बरे होईपर्यंत ते ऑक्सफर्डमध्ये सर विल्यम ऑस्लर यांच्या घरी राहिले. ऑस्लर म्हणजे त्या काळातले सर्वांत मान्यवर डॉक्टर. त्या घरात राहून वैद्यकाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलली असं म्हणतात.

१९१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून त्यांनी डॉक्टरीची पदवी घेतली. मग न्यूयॉर्कमध्ये सर्जन म्हणून काम सुरू झालं.

जखमेचा व्रण आणि फिट

तेव्हा मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे जवळजवळ जुगार होता. पेनफिल्ड यांना एक प्रश्न सतावत होता. डोक्याला मार लागतो, जखम भरते, माणूस हिंडूफिरू लागतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्याला फिट यायला लागतात. भरलेल्या जखमेत असं काय असतं?

मेंदूतली जखम कशी भरते हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर तिथल्या पेशी नीट दिसायला हव्यात. न्यूयॉर्कमधल्या रंगवण्याच्या पद्धतींनी त्या दिसत नव्हत्या. स्पेनमध्ये चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवायची कला होती. म्हणून १९२४ मध्ये ते माद्रिदला गेले आणि पिओ देल रिओ ओर्तेगा यांच्या प्रयोगशाळेत ती शिकले. दुसऱ्याचं चांगलं ते शिकायला वाटेल तिथे जायचं, ही सवय त्यांना आयुष्यभर राहिली.

पुढची पायरी १९२८ ची. जर्मनीत ब्रेसलाऊ नावाचं शहर होतं; आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. तिथे ओटफ्रिड फोर्स्टर हे डॉक्टर महायुद्धातून डोक्यात गोळ्या आणि छर्रे घेऊन परतलेल्या सैनिकांवर उपचार करत होते. त्यातल्या अनेकांना फिट येत. फोर्स्टर रुग्णाला जागं ठेवून कवटी उघडायचे, विजेची तार लावून मेंदूतल्या जागा ओळखायचे आणि मग व्रण कापून काढायचे. पेनफिल्ड तिथे काही महिने राहिले. कापलेले व्रण माद्रिदच्या पद्धतीने रंगवून त्यांनी तपासले. आक्रसत जाणारा व्रण आजूबाजूच्या मेंदूला ओढत असतो आणि त्यातून फिट सुरू होत असाव्यात, असं त्यांचं आणि फोर्स्टरांचं मत झालं. १९३० मध्ये दोघांनी ते प्रसिद्ध केलं.

रुग्णाला जागं का ठेवायचं? मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते डोक्याच्या कातडीला आणि मेंदूभोवतीच्या आवरणाला. तिथे स्थानिक भूल दिली की भागतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. प्रत्येकाचा मेंदू थोडा वेगळा असतो. बोलण्याचं केंद्र अमुक घडीवर असतं हे पुस्तक सांगतं, पण समोरच्या माणसाच्या मेंदूत ते नेमकं कुठे आहे, हे तो माणूस बोलत असतानाच तपासता येतं. व्रण काढला आणि वाचा गेली, तर ऑपरेशन यशस्वी झालं असं कोण म्हणेल?

मेंदूला वीज लावण्याचा प्रकार तोपर्यंत नवा राहिला नव्हता. १८७० मध्ये फ्रिच आणि हित्सिग यांनी बर्लिनमध्ये कुत्र्याच्या मेंदूला वीज लावून पाय हलवून दाखवले होते. १८७४ मध्ये अमेरिकेतल्या बार्थोलो या डॉक्टरने कवटीला व्रण पडून मेंदू उघडा झालेल्या एका बाईच्या मेंदूत सुया घालून वीज सोडली. तिला तीव्र झटके आले आणि काही दिवसांत ती मेली. त्या प्रयोगातून तिचं काही भलं होणार नव्हतं, नुसतं काय होतं ते बघायचं होतं. फोर्स्टर आणि पेनफिल्ड यांची पद्धत इथेच वेगळी पडते. त्यांनी तार लावली ती त्याच रुग्णाच्या पुढच्या दहा मिनिटांसाठी.

रूथ

१९२८ मध्येच पेनफिल्ड मॉन्ट्रियलला आले. रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधले सर्जन एडवर्ड आर्चिबाल्ड यांनी त्यांना बोलावलं होतं. सोबत न्यूयॉर्कचे सहकारी विल्यम कोन होते. संसार नीट लागतो न लागतो तोच थोरली बहीण रूथ आजारी म्हणून दाखल झाली. तिला कित्येक वर्षांपासून फिट येत होत्या, डोकं दुखायचं. तपासणीत मेंदूत गाठ असल्याचं दिसलं.

सख्ख्या बहिणीचं डोकं भावाने उघडावं का? आजचे नियम आणि रिवाज बघता बहुतेक डॉक्टर नाही म्हणतील. पण १९२८ मध्ये कॅनडात हे ऑपरेशन करू शकणारे हात मोजकेच होते आणि त्यातले दोन तिच्या भावाचे होते. डिसेंबरमध्ये पेनफिल्ड यांनी ऑपरेशन केलं. गाठ उजव्या बाजूला, कपाळामागच्या भागात होती आणि प्रचंड वाढलेली होती. त्यांनी गाठीबरोबर त्या बाजूचा फ्रंटल लोब म्हणजे कपाळामागचा मेंदूचा भाग जवळजवळ सगळा काढला. रक्तस्राव खूप झाला. तरीही गाठ पूर्ण निघाली नाही. ती पलीकडच्या बाजूला सरकलेली होती.

रूथ वाचली. घरी गेली. बोलणं, चालणं, मुलांवरची माया, सगळं जागच्या जागी. वरवर पाहता मेंदूचा एवढा मोठा तुकडा गेल्याचं कुणाला कळलंही नसतं.

सव्वा वर्षाने भाऊ तिच्या घरी जेवायला गेला. एक पाहुणा आणि घरची चार माणसं, एवढ्यांचा साधाच बेत. हा स्वयंपाक तिने आधी शेकडो वेळा केला असेल. जेवणाची वेळ झाली तेव्हा सगळं सामान स्वयंपाकघरात मांडलेलं होतं, एखाददुसरी गोष्ट शेगडीवर होती, पण सॅलड झालेलं नव्हतं, मांस शिजायला टाकलंच नव्हतं, आणि रूथ एकटीने खटपट करून दमून गोंधळून उभी होती. प्रत्येक पदार्थ तिला येत होता. आधी काय, मग काय, एक शिजेपर्यंत दुसरं काय उरकायचं, ही जुळवाजुळव मात्र जमेना. कुणी शेजारी उभं राहून क्रम सांगितला की ती सगळं करू शकत होती.

ज्यांनी रोजचा स्वयंपाक केलाय त्यांना यातलं मर्म चटकन कळेल. कुकरची शिटी, फोडणी आणि कणीक एकाच वेळी सांभाळणं हे मेंदूसाठी हलकं काम नाही.

मेंदूच्या या पुढच्या भागाला तार लावली तर काही होत नाही. हात हलत नाही, काही दिसत नाही, ऐकू येत नाही. म्हणून त्याला मुका भाग म्हणायची पद्धत होती. तो भाग गेल्यावर माणसाचं नेमकं काय जातं, याचं बारकाईचं वर्णन पेनफिल्ड यांनी आपल्या बहिणीवरून लिहिलं. ते १९३५ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आलं. तोवर रूथ जाऊन चार वर्षं झाली होती. गाठ पुन्हा वाढली, बोस्टनला हार्वे कुशिंग यांनी दुसरं ऑपरेशन केलं, पण १९३१ मध्ये ती गेली.

एका छपराखाली

सर्जन, मज्जाविकारतज्ज्ञ, सूक्ष्मदर्शकवाले, मानसशास्त्रज्ञ असे सगळे एकाच इमारतीत काम करतील अशी संस्था काढायची, हे पेनफिल्ड यांच्या डोक्यात आधीपासून होतं. रूथच्या आजारपणाने तो निश्चय पक्का झाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर फाउंडेशनने १९३२ मध्ये बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. जागतिक मंदीच्या ऐन भरात मिळालेले हे पैसे होते. १९३४ मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली आणि त्याच वर्षी पेनफिल्ड कॅनडाचे नागरिक झाले.

जगभरातून तरुण डॉक्टर तिथे शिकायला येऊ लागले. भारतातली न्यूरोसर्जरी उभी राहिली त्यातही या इमारतीचा वाटा आहे. १९४९ मध्ये वेल्लोरला देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू करणारे डॉ. जेकब चांडी तिथे शिकलेले होते आणि मुंबईत या शाखेचा पाया घालणारे डॉ. राम गिंडे हेही.

फिट म्हणजे मेंदूतल्या एखाद्या भागात विजेचा गडबडगुंडा. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बारीक विद्युत संकेतांनी बोलतात. व्रणाजवळच्या किंवा दुखावलेल्या पेशी कधीकधी सगळ्या एकदम ओरडू लागतात आणि ती लाट पसरते. कांदा हुंगवून किंवा चप्पल नाकाला लावून ती थांबत नाही. ती आपोआप ओसरते आणि श्रेय कांद्याला मिळतं. त्या काळी औषधं मोजकीच होती, फिनिटॉइन हे औषध आलं तेच १९३८ मध्ये. ज्यांना औषधांनी गुण येत नव्हता त्यांना मॉन्ट्रियल हा शेवटचा आसरा वाटायचा.

मोठी फिट येण्याआधी अनेकांना ठरावीक सूचना मिळते. कुणाला एका हातात मुंग्या येतात, कुणाला वास येतो. पेनफिल्ड यांनी याचा उपयोग करून घेतला. तारेचं टोक फिरवत जायचं आणि रुग्णाला नेमकी तीच सूचना जाणवली, तर गडबडीची जागा सापडली. १९३० च्या दशकाच्या शेवटी हर्बर्ट जॅस्पर तिथे आले आणि मेंदूच्या विद्युत लहरी कागदावर उमटवणारं ईईजीचं तंत्र मदतीला आलं. फिट येण्याआधी भाजलेल्या पावाचा वास येणाऱ्या एका बाईची गोष्ट १९९१ मध्ये कॅनडाच्या टीव्हीवर एका मिनिटाच्या फिल्ममधून आली. तिकडच्या एका पिढीला पेनफिल्ड आठवतात ते त्या करपलेल्या टोस्टमुळेच.

मोठ्या हातांचा माणूस

ऑपरेशन संपलं की आकड्यांच्या चिठ्ठ्यांसह मेंदूचा फोटो असायचाच. असे फोटो आणि टिपणं साठत गेली. १९३७ मध्ये पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी १६३ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. मेंदूच्या मध्यावर वरून खाली जाणारी एक खोल घडी असते. तिच्या पुढच्या बाजूला हालचालींची पट्टी, मागच्या बाजूला स्पर्शाची. पट्टीच्या वरच्या टोकाला पाय, खाली येत येत धड, हात, बोटं, मग चेहरा, ओठ, जीभ. म्हणजे शरीर जवळजवळ उलटं टांगलेलं. शिवाय डाव्या मेंदूवर उजवं अंग आणि उजव्यावर डावं.

गंमत अशी की यात आकार शरीराच्या मापाने ठरत नाही. पाठ एवढी मोठी, पण तिला मेंदूत चिंचोळी जागा. अंगठ्याला आणि ओठांना ऐसपैस. जिथे बारीक काम आणि बारीक जाणीव, तिथे जास्त पेशी. हे चटकन कळावं म्हणून चित्रकार हॉर्टेन्स कँटली यांनी तो बेढब माणूस काढला. १९५० मध्ये थिओडोर रासमुसेन यांच्याबरोबरच्या पुस्तकात तो सुधारून आला आणि मग जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला.

चित्र आहे तितकं सरळ प्रकरण नाही, हे सांगायला हवं. अनेक माणसांच्या नोंदींची ती सरासरी आहे. एकाच जागी तार लावल्यावर दोन रुग्णांत वेगळं घडू शकतं. २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असंही दिसलं की हालचालींच्या पट्टीत हात-पाय-तोंड यांच्या मधेमधे वेगळेच टप्पे आहेत आणि ते एखादा अवयव हलवण्यापेक्षा अख्ख्या शरीराच्या कृतीची आखणी करण्याशी जोडलेले आहेत. तरीही जाग्या रुग्णाच्या मेंदूवर तार टेकवून बोलण्याची आणि हालचालीची जागा राखायची पद्धत आजही वापरात आहे.

आठवणींची टेप?

कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या टेम्पोरल लोबवर तार टेकवली तेव्हा काही रुग्णांनी भलतंच सांगितलं. कुणाला वाद्यवृंद ऐकू आला, इतका स्पष्ट की थिएटरमध्ये कुठेतरी ग्रामोफोन लावलाय असं वाटावं. कुणाला ओळखीचे आवाज आले, कुणाला जुनं घर दिसलं. आणि हे होत असताना आपण ऑपरेशनच्या टेबलावर आहोत हेही त्यांना पक्कं ठाऊक असायचं.

पेनफिल्ड भारावून गेले. माणूस ज्या ज्या गोष्टीकडे लक्ष देतो ती मेंदूत टेपसारखी नोंदली जाते आणि विजेने ती पुन्हा वाजवता येते, असा अर्थ त्यांनी काढला. लोकांना ही कल्पना फारच आवडली. काहीच पुसलं जात नाही, फक्त सापडत नाही, हे आजही अनेकजण शास्त्रीय सत्य म्हणून सांगतात.

आकडे तेवढे सांगत नाहीत आणि हे आकडे पेनफिल्ड यांनीच प्रामाणिकपणे छापलेले आहेत. १९६३ मध्ये फानोर पेरो यांच्यासह त्यांनी सगळा हिशेब मांडला. टेम्पोरल लोबला तार लावलेले ५२० रुग्ण, त्यातले असे अनुभव आलेले फक्त ४०. हे सगळे फिट येणारे लोक, म्हणजे त्यांचा मेंदू आधीच दुखावलेला. जे दिसलं ते खरोखर कधी घडलं होतं का, याचा पुरावा फारच थोड्या वेळा हाती होता. बरेचसे अनुभव स्वप्नासारखे तुटक होते. १९८० मध्ये एलिझाबेथ आणि जेफ्री लॉफ्टस यांनी या मुद्द्यांवर टेपच्या कल्पनेची कसून झडती घेतली. आठवण दर वेळी नव्याने रचली जाते, असं आज मानलं जातं.

तार गप्प राहिली

स्मृतीबद्दलची खरी गोष्ट दुसरीकडे उलगडत होती, आणि ती सुखाची नव्हती.

एका इंजिनिअरच्या डाव्या टेम्पोरल लोबचं ऑपरेशन दोन टप्प्यांत, पाच वर्षांच्या अंतराने झालं. शास्त्रीय लिखाणात त्याचा उल्लेख पी. बी. असा येतो. पहिल्या वेळी बाहेरचा भाग काढला. फिट थांबल्या नाहीत. दुसऱ्या वेळी आतला, हिप्पोकॅम्पस असलेला भाग काढला. शुद्धीवर आल्यावर तो हुशारीने बोलत होता, गणितं सोडवत होता आणि नवीन काहीही लक्षात ठेवू शकत नव्हता. असंच आणखी एका रुग्णाचं झालं. तो हातमोजे कापणारा कारागीर होता. तारेने या भागाबद्दल धोक्याची कुठलीही सूचना दिली नव्हती. अशाच ऑपरेशननंतर बाकीच्या कितीतरी रुग्णांना असा त्रास झालेला नव्हता.

मग यांनाच का? १९५० मध्ये संस्थेत आलेल्या तरुण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर आणि पेनफिल्ड यांनी अंदाज बांधला की या दोघांचा दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आधीच निकामी असणार. म्हणजे एक खराब होता आणि चालू असलेला सर्जनने काढला. हे त्यांनी दडवून ठेवलं नाही. १९५५ मध्ये डॉक्टरांच्या परिषदेत मांडलं. तो गोषवारा वाचून हार्टफर्डचे सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी संपर्क साधला, कारण १९५३ मध्ये त्यांनी एका तरुणाच्या मेंदूतून हा भाग दोन्ही बाजूंनी काढला होता. मिल्नर त्याला तपासायला गेल्या. एच. एम. म्हणून ओळखला गेलेला तो रुग्ण स्मृतीच्या अभ्यासातला सर्वांत प्रसिद्ध माणूस ठरला.

पी. बी. १९६४ मध्ये वारला. त्याच्या शवविच्छेदनात उजवा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला सापडला. अंदाज बरोबर होता. पण मॉन्ट्रियलमध्ये खबरदारी त्याआधीच सुरू झाली होती. जून वाडा यांनी आणलेल्या चाचणीत मानेच्या रक्तवाहिनीतून औषध देऊन मेंदूची एक बाजू काही मिनिटं झोपवतात. त्या वेळात दुसरी बाजू एकटीने आठवण ठेवू शकते का, हे मिल्नर तपासू लागल्या. ती ठेवू शकत नसेल तर ऑपरेशन नाही.

मॉस्कोचं बोलावणं

जानेवारी १९६२ मध्ये रशियाचे भौतिकशास्त्रज्ञ लेव लँडाऊ यांची मोटार ट्रकवर आदळली. डोक्याला जबर मार. सहा आठवडे होऊनही शुद्ध नाही. सोव्हिएत सरकारने पेनफिल्ड यांना मॉस्कोला बोलावलं. शीतयुद्धाच्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पेनफिल्ड यांनी तपासून तपासणीपुरतं एक छोटं ऑपरेशन सुचवलं. दुसऱ्या दिवशी ते लँडाऊ यांच्या पत्नीबरोबर खोलीत गेले. ती नवऱ्याशी बोलू लागली. लँडाऊ हलले नाहीत, बोलले नाहीत, पण त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर स्थिरावली. पेनफिल्ड शेजारून हे बघत होते. माणूस आत जागा झालाय, फक्त त्याला ते दाखवता येत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि ऑपरेशन रद्द केलं. त्या वर्षीचं नोबेल लँडाऊ यांना मिळालं. ते आणखी सहा वर्षं जगले, पण भौतिकशास्त्राकडे परतू शकले नाहीत.

हा प्रसंग पेनफिल्ड यांच्या मनात रुतून बसला. १९६० मध्ये संचालकपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी कादंबरी, चरित्र, व्याख्यानं असं बरंच केलं. पण प्रश्न एकच छळत होता. मेंदू म्हणजेच मन का? तारेने हात हलला की रुग्ण सांगायचा, हे तुम्ही केलंत, मी नाही. तारेने कुणाला कधी निर्णय घ्यायला लावलं नाही, कशावर विश्वास ठेवायला लावलं नाही. त्यावरून, मन हे मेंदूपेक्षा वेगळं काहीतरी असावं, या निष्कर्षाकडे ते झुकले. १९७५ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं.

बहुतेक मेंदूशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, आणि रूथच्या भावाने तरी तारेच्या मौनावर इतका भरवसा ठेवायला नको होता. कपाळामागचा भागही मुकाच होता. २००९ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूत मागच्या, पॅराएटल भागात वीज लावली, तेव्हा रुग्णांना हात किंवा ओठ हलवायची इच्छा झाली. वीज वाढवल्यावर तर आपण हललोच, अशी त्यांची खात्री झाली, आणि स्नायू जागचा हललाही नव्हता.

पेनफिल्ड यांनी आत्मचरित्र पूर्ण केलं आणि काही आठवड्यांत, ५ एप्रिल १९७६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी ते कर्करोगाने गेले. क्वेबेकमध्ये मेम्फ्रेमेगॉग सरोवराकाठी त्यांचं शेतघर होतं. तिथल्या एका मोठ्या दगडावर त्यांनी १९३० च्या दशकात स्वतः रंगाने चित्र काढलं होतं. एका बाजूला आत्मा या अर्थाचा ग्रीक शब्द, दुसऱ्या बाजूला माणसाचं डोकं आणि मेंदूच्या जागी प्रश्नचिन्ह. दोन्हींना जोडणारी सलग, ठसठशीत रेघ. मृत्यूच्या काही महिने आधी, थंडीच्या दिवसांत, अंगावर स्वेटर चढवून ते रंग घेऊन त्या दगडापाशी गेले आणि ती रेघ त्यांनी तुटक केली.